इलेक्ट्रिक गाडी लो करायची? आधी पोटाखालचं माप घ्या

अमळनेरच्या एका तरुणाने विचारलंय: "माझी 2021 ची नेक्सॉन ईव्ही आहे. रोज अमळनेर–धुळे ये-जा. टायर आणि मडगार्डमधली फट डोळ्यांना खुपते, म्हणून गाडी 50 मिमी लो करायची आहे. ऑनलाइन एक स्वस्त कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची कमी-जास्त करता येणारं) 38 हजारांत मिळतंय. गावातला फिटर म्हणतो, किट कशाला, तीन हजारांत स्प्रिंगचा दीड वेढा कापून देतो. दोन्हींतलं काय करू? आणि लो केल्यावर रेंज वाढते का?"

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. स्प्रिंग कापू नका. 50 मिमीचा विचार सोडा. 20 ते 25 मिमी खाली घेता येईल, पण स्प्रिंग ईव्हीच्या वजनाला जुळणारी हवी, शॉकअप दमाचा हवा आणि बसवणारा माणूस माप घेऊन काम करणारा हवा. हे तिन्ही जमत नसेल तर गाडी आहे तशी ठेवा. आता कारणं सांगतो, कारण नुसतं "नको" म्हटलं की माणूस शेजारच्या गॅरेजला जाऊन करूनच घेतो, हे मी खूप पाहिलंय.

मी जळगावात एकोणतीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय. सुरुवात रावेर-सावद्याकडच्या केळीच्या ट्रकांच्या कमानी बसवण्यापासून झाली, पुढे कार आल्या, आणि गेली काही वर्षं इलेक्ट्रिक गाड्याही येतात. पेट्रोल गाडी लो करण्यामागे एक खरं कारण असतं. वजनाचा मध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी झुकते. तुमच्या गाडीत ते काम कंपनीनेच करून ठेवलंय. शेकडो किलोंची बॅटरी फरशीच्या खाली सपाट पसरलेली आहे, त्यामुळे वजनाचा मध्य आधीच खाली आहे. म्हणजे लो करून तुम्हाला मिळणार ते मुख्यतः दिसणं. दिसण्याची हौस असणं वाईट नाही, मलाही नीट बसलेली गाडी बघायला आवडते. पण त्या हौसेची किंमत कुठून वसूल होते ते समजून घ्या. ती वसूल होते पोटाखालून, आणि तुमच्या गाडीच्या पोटात सगळ्यात महाग वस्तू आहे.

आता हिशोब करू. तुमच्या मॉडेलचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमिनीतलं अंतर, कंपनी 205 मिमी सांगते, तोही रिकाम्या गाडीचा. दोन चाकांच्या जोड्यांमधलं अंतर 2498 मिमी, म्हणजे अडीच मीटर धरा. स्पीडब्रेकर कसा असावा याचा इंडियन रोड्स काँग्रेसचा 1988 सालचा मापदंड असा होता: उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, आणि 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या तुकड्यासारखी सौम्य गोलाई. अशा उंचवट्यावर तुमची गाडी मधोमध आली तर पुढची-मागची दोन्ही चाकं त्याच्यावरच असतात, आणि पोटाच्या मध्याला उंचवटा फक्त 46 मिमी वर येतो. असे स्पीडब्रेकर सगळीकडे असते तर तुम्हाला 50 मिमी लो करायला मी अडवलं नसतं.

पण आपल्याकडे गावागावांत काय असतं ते तुम्ही रोज बघता. एखादा अपघात झाला की रात्रीतून मुरूम-डांबराचा ढीग पडतो, मीटरभर रुंद आणि सहा इंच उंच. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे पूर्ण मावतो, त्यामुळे त्याची सगळी उंची थेट पोटाला भिडते. त्यात खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचं डांबर लाटेसारखं वर-खाली होतं. पाटाजवळचे चढ, रेल्वे फाटकं, फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना खचलेला भराव, हे सगळं त्यातच धरा.

मी अशा गाड्यांवर स्वतः टेप लावून मापं घेतली आहेत. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की पोटाचा मध्य साधारण 30 मिमी खाली येतो, मागची बाजू त्याहून जास्त बसते. उंचवट्यावरून पुढची चाकं उतरताना नाक खाली जातं, त्यात पोटाचा आणखी 25 मिमीचा खुर्दा होतो. म्हणजे कंपनीच्या उंचीवर 205 मधून 30 आणि 25 गेले, उरले 150. गावठी स्पीडब्रेकर 150 मिमीचा असेल तर भरलेली गाडी कंपनीच्या उंचीवरसुद्धा जेमतेम निघते. आता तीच स्प्रिंग ठेवून 50 मिमी खाली घ्या. उरतात 100. घासणार यात शंका राहत नाही.

आता दुसरी बाजू बघा, कारण सगळी गोष्ट इथे आहे. स्प्रिंग थोडी कडक घेतली तर माणसं बसल्यावर गाडी कमी बसते आणि नाकही कमी झुकतं. स्प्रिंगच्या तारेची जाडी 12 मिमीवरून 13 मिमी केली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा सुमारे 38 टक्के वाढतो, कारण तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. अशा स्प्रिंगवर 30 मिमीचं बसणं 22 वर येतं. शॉकअप चांगला असेल तर झुकणंही 25 वरून 15 पर्यंत येतं. आता 25 मिमी लो केलेल्या गाडीचा हिशोब करा: 180 मधून 22 आणि 15 गेले, उरले 143. कंपनीच्या उंचीवर 150 होते. म्हणजे भरलेल्या गाडीत फरक फक्त सात मिमीचा, आणि रिकाम्या गाडीला तुम्हाला हवा तो देखणा बसका आकार. हीच गोष्ट 50 मिमीला केली तर उरतात 118. म्हणून मी 25 वर थांबतो.

हा पोटाखालचा हिशोब झाला. तितकाच महत्त्वाचा हिशोब चाकाच्या वर आहे. खड्डा किंवा उंचवटा आला की चाकाला वर जायला जागा लागते. समजा ती जागा 80 मिमी आहे. 50 मिमी लो केलं की 30 उरली. चाकाने आणलेला तोच दणका 80 ऐवजी 30 मिमीत पचवायचा तर स्प्रिंग सात पट कडक लागेल, कारण हा हिशोब अंतराच्या वर्गावर चालतो. सात पट कडक स्प्रिंग कोणी घालत नाही, घातली तर गाडीत बसवणार नाही. मग उरलेला दणका जातो बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरच्या रबरी ठोकळ्यावर, तिथून बॉडीवर, तिथून तुमच्या मणक्यावर. आणि इथेच काही फिटर "जागा करून देतो" म्हणत बंप स्टॉप अर्धा कापतात. तो रबराचा तुकडा कापला की शॉकअपचा दांडा आतून धातूवर धातू आपटतो आणि महिन्याभरात सील फुटून तेल गळायला लागतं. गाडी लो करून आल्यावर कापलेला बंप स्टॉप डिकीत सापडला, तर ज्याने काम केलं त्याच्याकडे परत जाऊ नका.

25 मिमीलाही जागा कमी होतेच, हे लपवत नाही. 80 मधून 55 उरतात आणि तोच दणका पचवायला दुपटीहून जरा जास्त कडकपणा लागतो. तेवढा आपण स्प्रिंगला देत नाही. काही भाग कडक स्प्रिंग घेते, काही चांगला शॉकअप घेतो, उरलेला पूर्ण उंचीचा बंप स्टॉप हळूहळू दाबत घेतो. तिघांनी मिळून ओझं उचलायचं असतं.

आता कापण्याबद्दल. स्प्रिंगला समजा सहा काम करणारे वेढे आहेत आणि दीड कापला, तर राहिले साडेचार, आणि कडकपणा एक तृतीयांशाने वाढला. ऐकायला बरं वाटतं. पण शॉकअप जुनाच राहतो. त्याला मूळ स्प्रिंगची उसळी आवरायची सवय, ही नवी उसळी त्याला आवरत नाही, म्हणून गाडी उंचवट्यानंतर दोन-तीन वेळा डुलते. त्यात गॅसकटरने कापलं तर उष्णतेने त्या टोकाचा कस जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्प्रिंगचं शेवटचं टोक खालच्या बशीत नीट बसायला विशिष्ट आकाराचं असतं, कापल्यावर तो आकार जातो. चाक लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग बशीतून सैल होते, आणि चाक परत जमिनीवर आलं की तिरकी बसते. पारोळ्याहून आलेला एक शेतकरी भाऊ मला म्हणाला होता, "भाऊ, गाडी खाले लागस आन् वळनवर कडकड वाजस." वर घेऊन बघितलं तर डावीकडची स्प्रिंग बशीबाहेर अर्धा इंच सरकलेली, टायरपासून बोटभर अंतरावर. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी त्याच गाडीतून सासरी जाणार होती. गाडी मी ठेवून घेतली आणि त्यांना दुसरी गाडी करून दिली.

मग किट. स्वस्त किट म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही. पण स्वस्त किटमध्ये कंपनीने न केलेली तपासणी तुम्हाला करावी लागते. माझ्याकडे एका बंद पडलेल्या जिनिंगमधून घेतलेला जुना वजनकाटा आहे. त्यावर स्प्रिंग उभी ठेवतो, वरून हायड्रॉलिक जॅकने दाबतो, 25 मिमी दबायला किती किलो लागतात ते लिहितो. एका किटच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगवर एकच आकडा छापलेला होता. काट्यावर डावी 118 किलो आली आणि उजवी 134. बसवल्यावर गाडी एका बाजूला कलंडली असती, आणि गिऱ्हाइकाला वाटलं असतं की फिटरने चूक केली. किट परत पाठवायला लावलं.

शॉकअपची परीक्षा हाताने होते. दांडा पूर्ण दाबा, सोडा, पुन्हा दाबा, असं चार-पाच वेळा करा म्हणजे आतली हवा निघते. मग सावकाश दाबताना हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा विरोध जाणवला पाहिजे. मधेच एखाद-दोन सेंटिमीटर दांडा फुकट सरकला तर आत तेल कमी आहे किंवा व्हॉल्व्ह बसलेला नाही. दोन्ही शॉकअप एकाच वेळी दाबून सोडा, दोघांचे दांडे साधारण एकाच वेळेत वर आले पाहिजेत. कडकपणा कमी-जास्त करायचा गोल नॉब असेल तर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा हाताने दाबून बघा. बऱ्याच स्वस्त किटमध्ये टकटक आवाज येतो, पण हाताला फरक लागत नाही. तो नॉब शोभेचा.

आणखी एक आपल्या हवेतली गोष्ट. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. डांबरावरून उठणारी आच, आत सतत काम करणारा शॉकअप, त्यात हलकं तेल. जानेवारीत घट्ट वाटलेली गाडी मेच्या दुपारी ढिली वाटते. म्हणून किट विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: याच शॉकअपचं सील आणि तेल बदलून मिळतं का? ज्याचं मिळतं ते थोडं महाग असलं तरी घ्या. न मिळणारं किट म्हणजे दोन वर्षांचा पाहुणा.

तुमच्या गाडीसाठी सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळी आहे. नावाला नेक्सॉनचं किट म्हणून विकलं जातं ते बहुतेकदा पेट्रोल गाडीचं वजन धरून बनवलेलं असतं. ईव्ही तिच्याहून जड आहे, आणि वजन पुढे-मागे वेगळ्या प्रमाणात वाटलेलं आहे. समजा एका कोपऱ्यात 30 किलो जास्त पडतात आणि स्प्रिंग प्रत्येक अडीच किलोला एक मिमी दबते. म्हणजे 25 मिमी लो म्हणून घेतलेली स्प्रिंग तुमच्या गाडीत 37 मिमी खाली जाईल. म्हणून विकत घेण्याआधी गाडी भुईकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन लिहा, मग पूर्ण गाडी चढवून लिहा, वजाबाकी केली की मागचं मिळालं. हे दोन आकडे किटवाल्याला पाठवा आणि या वजनाला कोणती स्प्रिंग देणार ते लेखी मागा. उत्तर देता आलं नाही तर ते किट तुमच्यासाठी नाही.

कॉइलओव्हरवर उंची दोन ठिकाणी बदलता येते, आणि इथे नवखे हमखास फसतात. वरची गोल चकती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते किंवा सैल होते. लोकांना वाटतं याने स्प्रिंग कडक होते. साध्या, सारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा याने बदलत नाही, गाडी फक्त वर-खाली होते आणि शॉकअप त्याच्या चालीतल्या वेगळ्या जागी येतो. चकती फार खाली उतरवली तर चाक लटकल्यावर स्प्रिंग सैल होऊन खडखडते. खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरणारा असेल तर उंची त्याने बदला. त्यात शॉकअपची चाल शाबूत राहते. फक्त ध्यानात घ्या, त्यामुळे चाकाला वर जायला मिळालेली जागा टायर आणि आतल्या प्लास्टिकमधून घेतलेली असते. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि एक चाक ठोकळ्यावर चढवून टायर कुठे घासतो ते बघा.

बसवतानाच्या काही गोष्टी. तुमच्या फिटरला हे वाचायला द्या. इलेक्ट्रिक गाडीचा जॅक बॅटरीच्या पेटीखाली कधीच लागता कामा नये. दाराखालच्या पट्टीवर कंपनीने ठरवलेल्या जागा आहेत, तिथेच, मधे रबरी ठोकळा ठेवून. दोन खांबांच्या लिफ्टवर घेत असाल तर हात आत सरकून पेटीला टेकत नाहीत ना, ते खाली वाकून डोळ्यांनी बघा. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायचं या कामात कारणच नाही. गाडी बंद, चावी लांब, 12 व्होल्टची बॅटरी सुटी. चाकाजवळची एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या) क्लिपमधून आधी सोडवा, आणि स्ट्रट काढल्यावर सगळा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका. तारेने वर बांधा. मी एकदा दुसरीकडून आलेल्या गाडीत ताणलेला होज पाहिला. बाहेरून ठीक, आतून फाटलेला. त्या गाडीचा ब्रेक घाटात निकामी झाला असता.

मूळ स्ट्रट सोडताना स्प्रिंग कॉम्प्रेसरला हलकं समजू नका. पुढची स्प्रिंग 100 मिमी दाबली की तिच्यात साधारण तेवढी ताकद साठते जेवढी सव्वा मीटरवरून पडणाऱ्या दहा किलोच्या दगडात असते. कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर, वेढ्यांच्या पूर्ण पकडीत, आणि वरचा नट सोडताना तोंड त्याच्या रेषेत नको. वरचा नट गनने फिरवू नका. नटासोबत दांडा आतून गरगर फिरतो आणि सीलला खातो. दांड्याच्या टोकाला पाना लावून दांडा धरा, नट हाताने सोडा.

आणि आता सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट. मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीमचा आणि पुढचं चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बुश म्हणजे धातूच्या दोन नळ्यांमधे चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी एका जागी घट्ट होते आणि आर्म हलताना रबर पिळ घेतं. गाडी लिफ्टवर असताना, चाकं लटकलेली असताना बोल्ट आवळला तर रबराने लटकलेली अवस्था "सरळ" धरली. मग गाडी जमिनीवर उतरली की ते रबर चोवीस तास पिळलेल्या कपड्यासारखं राहतं. सहा महिन्यांत कडेने चिरा पडतात, आणि गाडी मापापेक्षा काही मिमी वर उभी राहते ती वेगळीच. म्हणून हे बोल्ट हातघट्ट ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची, आणि मग खाली सरकून टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. याला अर्धा तास जास्त लागतो. तो अर्धा तास वाचवणारा फिटर मला चालत नाही.

गाडी खाली आली की चाकांचे कोनही बदलतात. पुढच्या चाकांचा वरचा भाग थोडा आत झुकतो आणि टो, म्हणजे चाकं सरळ पुढे बघण्याचा कोन, बिघडतो. टो बिघडला की टायर आतल्या कडेने वस्तऱ्यासारखा कापला जातो. ईव्हीमध्ये हे जास्त लवकर दिसतं, कारण गाडी जड आहे आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पुढच्या चाकांवर येतो. अलाइनमेंट दोनदा करा, एकदा बसवल्या दिवशी, दुसऱ्यांदा 500 किलोमीटरनंतर नवी स्प्रिंग जागेवर बसल्यावर. मागे बीम असल्याने तिथे कोन फिरवायला सोय नसते. मशीनवर मागचे आकडे मर्यादेबाहेर आले तर ते अपघाताचं किंवा वाकलेल्या बीमचं लक्षण समजा. हेडलाइटही बघा. पुढे-मागे सारखं लो झालं नसेल तर प्रकाश एकतर रस्त्यात खड्डा खणतो किंवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

एक चूक समज तुमच्या प्रश्नात लपलेला दिसतो, की जितकी लो तितकी वळणावर घट्ट. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात लोअर आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे वर गेला की गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. मग जास्त लो केलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त झुकू शकते. स्टेअरिंगचा टाय रॉडही तिरका होतो आणि खड्ड्यात चाक आपोआप थोडं वळतं. कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढताना-उतरताना हे हाताला कळतं.

रेंजचं एका वाक्यात सांगतो. मोकळ्या हायवेवर हवेचा अडथळा किंचित कमी होतो, पण अमळनेर–धुळ्याच्या वेगात तुम्हाला मीटरवर फरक दिसणार नाही, आणि सोबत रुंद टायर टाकले तर रेंज उलट घटेल.

बॅटरीबद्दल थोडं थांबून सांगतो. पेटी आयपी67 दर्जाची आहे, म्हणजे धूळ आत जाऊ नये आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरू नये असं तिला तपासलेलं असतं. पण तो दर्जा धड पेटीचा. दुसरीकडे भरपूर लो केलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. पेटीच्या खालच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा. मालक म्हणाला, गाडी तर चालतेय. मी हात लावला नाही, आधी कंपनीत दाखवा म्हटलं. गेला नाही. आषाढात फरशीवरच्या पाण्यातून गेल्यावर डॅशबोर्डवर इशारा आला आणि गाडी जागीच थांबली. स्प्रिंगा मूळच्या नाहीत म्हणून वॉरंटीही नाकारली आणि विमाही. तुमच्या गाडीच्या बॅटरीला कंपनीची 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. 2021 ची गाडी म्हणजे 2029 पर्यंतची शिल्लक, किलोमीटर आधी भरले नाहीत तर. ती शिल्लक पणाला लावायची का, हे घरात बसून ठरवा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगीबाहेरचे सुटे भाग बसवून बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मी स्वतः हे कागद बघितल्याशिवाय पाना हातात घेत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. एक रुपयाही खर्च करण्याआधी पॅकिंगच्या मऊ फोमच्या पट्ट्या घ्या. 25 मिमी जाडीच्या चार. दोन पट्ट्या एकेरी आणि दोन एकावर एक अशा, म्हणजे दोन जागा 25 च्या आणि एक 50 ची. गाडीच्या पोटाखाली सगळ्यात खालच्या सपाट भागावर, स्क्रू आणि पाणी जायच्या भोकांना सोडून, दुहेरी टेपने चिकटवा. मग पंधरा दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. रोजचा धुळ्याचा रस्ता तर आहेच, पण एकदा घरच्या सगळ्यांना बसवून शेतात भरीत पार्टीला जा, डिकीत वांगी, पातेली, पाण्याचे कॅन, सगळं घालून. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर एक बारीक प्लास्टिकची झिप-टायसुद्धा बांधा. दांडा जेवढा आत जाईल तेवढी ती दांड्यावर वर सरकते, आणि चाकाने किती चाल वापरली ते तुम्हाला मिमीत कळतं.

पंधरा दिवसांनी खाली वाकून बघा. 50 च्या पट्टीचा भुगा झालेला असेल, ते मी आत्ताच सांगतो. 25 ची पट्टी शाबूत असेल किंवा एखाद-दोन ठिकाणी नुसती घासलेली असेल, आणि झिप-टायने बंप स्टॉपपर्यंत निदान बोटभर जागा दाखवली, तर काम करण्यासारखं आहे. तीही पट्टी कुरतडलेली असेल तर तुमचा रस्ताच तुम्हाला उत्तर देतोय.

काम करायचं ठरलं तर 38 हजारांच्या चमकत्या किटपेक्षा ईव्हीच्या वजनाला बनवलेल्या 25 मिमीच्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे आखूड दांड्याचे शॉकअप, नवे वरचे माउंटिंग आणि नवे बंप स्टॉप, एवढ्यावर पैसे घाला. फिरवायच्या चकत्या नसल्या तरी चालेल. आपल्या काळ्या मातीचा चिखल त्या आट्यांत शिरून वाळला की दगड होतो आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर चकती फिरतच नाही, त्यामुळे त्या सोयीचे पैसे तसेही वाया जातात. ज्यांनी आधीच कॉइलओव्हर बसवलेत त्यांनी दर पावसाळ्यानंतर आटे ब्रशने धुवून कोरडे करावेत आणि त्यावर रबरी कव्हर चढवावं.

मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप विकू नका. डावा-उजवा अशी खूण करून, कापडात गुंडाळून घरी ठेवा. आणि गाडी जिथे द्याल तिथे काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची स्वतःच्या हाताने मोजून कागदावर लिहा, रिकाम्या गाडीची एकदा आणि घरचे बसल्यावर एकदा. हे आठ आकडे, भुईकाट्याची पावती आणि त्या फोमच्या पट्ट्या घेऊन याल, तर जळगावला माझ्याकडे या किंवा धुळ्यात ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याच्याकडे जा. तेवढ्यावर कोणाही जाणत्या मिस्त्रीला तुमच्या गाडीला कोणती स्प्रिंग लागेल ते सांगता येईल.